चौदा पावलांवरचा पाइप

ऑपरेटर : पोकलेन बंद केलंय, साहेब. आता एकदा नीट सांगा. या शेवटच्या बुडख्याखाली काही आहे का?

मालक : खाली नाही. पाण्याचा पाइप अलीकडे आहे. ती काठी रोवलीये ना, तिथे. तुम्ही पलीकडून बकेट घाला.

ऑपरेटर : काठी कुणी रोवली?

मालक : मीच, सकाळी. विहिरीच्या कठड्यापासून चौदा पावलं मोजून.

ऑपरेटर : कुणाची पावलं?

मालक : म्हणजे काय?

ऑपरेटर : दहा बुडखे निघेपर्यंत तुम्ही खुर्चीत बसून पेपर वाचत होतात. या अकराव्याला मशीनभोवती घिरट्या घालताय. निम्मं आयुष्य या सीटवर गेलंय माझं. मालक घिरट्या घालायला लागला की मी मशीन बंद करतो.

मालक : पाइप टाकला त्याला बावीस वर्षं झाली. पावलं दादानं टाकली होती, मी नुसता मागून मोजत होतो. चौदा, एवढं पक्कं आठवतं.

ऑपरेटर : दादा उंचीनं केवढे?

मालक : आई त्याला उंट म्हणायची.

ऑपरेटर : मग ही काठी काय कामाची? बोलवा त्यांना.

मालक : ते पत्र्याचं घर दिसतंय ना, तिथेच राहतो. पण आम्ही बोलत नाही. तीन वर्षं झाली.

ऑपरेटर : कशावरून?

मालक : याच झाडांवरून. मुळं त्याच्या न्हाणीघरात शिरली, फरशी उचकटली. तो म्हणाला काप, मी म्हणालो नाही कापत. मग गेल्या वर्षी एक झाड माझ्याच शेडवर पडलं आणि सगळी कापली.

ऑपरेटर : वा.

मालक : हसू नका. त्याच्या घरचं पाणी याच पाइपनं जातं. तो फुटला तर त्याला वाटेल मी मुद्दाम फोडला. मग संपलंच सगळं. मला खरंच भीती वाटतेय.

ऑपरेटर : मला चारला दुसऱ्या साइटवर जायचंय. नंबर सांगा, मी लावतो. स्पीकरवर टाकतो... हॅलो, तुमच्या भावाच्या शेतातून बोलतोय. पोकलेनवाला.

दादा : फुटला का पाइप?

ऑपरेटर : अजून नाही. कुठे आहे ते तुम्हीच दाखवा म्हणतात.

दादा : त्याला तोंड नाही का?

ऑपरेटर : आहे. शेजारीच उभे आहेत, चपलेनं माती उकरतायत.

मालक : दादा, ये ना जरा.

दादा : कशालाही हात लावू नका. आलो.

(थोड्या वेळानं. दादा काठी टेकत बांधावरून येतो.)

मालक : काठी कशाला? पायाला काय झालं?

दादा : गुडघा बदलला, गेल्या उन्हाळ्यात. मुलीकडे राहून केलं ऑपरेशन.

मालक : मला कुणी सांगितलं नाही.

दादा : सांगणार कोण?

मालक : तू. तू सांगायचंस, दादा. मी आलो असतो.

दादा : बरं. ही खुंटी कुणी रोवली इथे?

मालक : मी. चौदा पावलांवर.

दादा : गाढवा, तुझ्या पावलांनी? पलीकडून बकेट घातली असतीस तर थेट पाइपवर.

ऑपरेटर : तेच करायला सांगत होते. आता तुम्ही टाका पावलं.

दादा : माझं पाऊल आता कुठलं तसं पडतंय? थांबा, आठवू द्या. तेव्हा हा एवढा मोठा होऊनही मागून तक्रार करत यायचा, तुझी दोन होतात तोवर माझी तीन होतात म्हणून. आठवतं का रे?

मालक : धाप लागायची मला.

दादा : मग माझी चौदा म्हणजे तुझी एकवीस. जा, कठड्यापासून सुरू कर. रोज चालतोस तसा चाल, ढांगा टाकू नकोस.

मालक : ...एकोणीस, वीस, एकवीस. अरे, हे तर बुडख्याच्या पलीकडे.

ऑपरेटर : मी बकेट टेकवणार होतो, नेमकं तिथेच उभे आहात. सरका. आधी फावड्यानं बघू.

दादा : हळू. सांध्यावर लागेल.

ऑपरेटर : लागला. काळा पाइप, अख्खा आहे. मुळानं विळखा घातलाय, पण दाबलेला नाही. हे मूळ करवतीनं कापतो, मग बुडखा विहिरीकडून ओढतो. पाइपला धक्का लागणार नाही.

मालक : नक्की ना?

ऑपरेटर : नक्की. दोघंही त्या खुर्चीकडे जा. एकच आहे, कोण बसायचं ते ठरवा.

मालक : बस दादा. सकाळी पेपर नुसता समोर धरला होता, लक्ष सगळं पाइपकडे.

दादा : मीसुद्धा सकाळपासून खिडकीतच होतो. दर बुडख्याला नळ सोडून बघत होतो, पाणी येतंय का.

मालक : मग आला का नाहीस?

दादा : बोलावलंस कुठे?

मालक : चुकलं माझं. झाडांचंही चुकलं. तू सांगितलंस तेव्हाच कापायला हवी होती.

दादा : मीही त्या दिवशी नको ते बोललो. जाऊ दे. बघ, उचलला त्यानं.

ऑपरेटर : निघाला, साहेब. पाइप ठणठणीत आहे. खड्डा बुजवतो आणि निघतो.

मालक : सुटलो. दादा, खरंच सुटलो रे.

दादा : तुझ्या वहिनीला फोन लाव. न सांगता निघालोय, शोधत असेल.

मालक : तुझा फोन खिशात आहे की.

दादा : आहे. पण तू लाव. तुझा आवाज ऐकू दे तिला.