मुलीचा बाप घरी आला तेव्हा

मघापासून तुम्ही मला छळताय ना, असल्या माणसांच्या केसेस का घेतोस म्हणून? मग ऐका. इथंच म्हैसूरबाहेरच्या एका वस्तीत शाळकरी मुलीचा खून झाला. पोलिसांनी लगेच गल्लीतलाच एक पोरगा धरला. कोर्टातल्या वकिलांनी आपसात ठरवलं, त्याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. मी घेतलं.

झालं. आम्ही राहतो त्या सरस्वतीपुरममध्ये आमच्याशी कुणी बोलेना. गौरीच्या सणाला शेजारणी दरवर्षी बायकोला बागिन, म्हणजे सुपातलं वाण, द्यायला यायच्या, त्या वर्षी एकही फिरकली नाही. ही म्हणाली, "दुसरी केसच मिळाली नाही का तुम्हाला?"

आणि एका रविवारी सकाळी त्या मुलीचा बापच दारात उभा. बायको मला आत ओढायला लागली. मी म्हटलं, "बन्नी, या, बसा." बसला. कॉफीला हात लावला नाही.

कन्नडात म्हणाला, "सार, त्याच्या बाजूनं नीट लढणार ना तुम्ही?"

मला वाटलं, टोमणा मारतोय. म्हटलं, "तुमचं दुःख मला कळतं, पण..."

"दुःखाचं राहू द्या. सगळे म्हणतात तोच आहे. मीही म्हणतो. पण पोलिसांना उलटं विचारणारं कुणीतरी हवं, सार."

"तुम्हाला कशाला हवं?"

"माझी धाकटी अजून त्याच गल्लीतून शाळेत जाते. हा नसेल, तर तो तिथंच आहे."