माडाच्या खांबातलं भोक

ऐका. संदेश, ते सिमेंट आधी खाली ठेव. सुतार पक्ष्याने तुझ्या नव्या घराचा खांब पोखरला म्हणून भोक बुजवायला निघालास ना? बस इथे. तुम्हीपण बसा सगळे. चकव्याची गोष्ट माझ्याकडून दहादा ऐकलीत, पण अर्धीच. अर्धी मी लपवली. लाज वाटत होती, दुसरं काय!

मी नवीन घर बांधलं तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत. पडवीचा खांब माडाचा, आणि त्याला वर हे एवढं भोक! पाहुणे काय म्हणतील? म्हातारे सांगत होते, भागोजी, थोडं थांब, पिल्लं उडून जाऊ देत. मग भोक बुजव, काजूच्या टरफलांचं तेल चोप, म्हणजे सुतार पुन्हा टोचणार नाही. पण मला कुठला दम! संध्याकाळी शिडी लावली आणि सिमेंट थापलं. आत चिवचिव चालली होती. ऐकू येत होती, बरं का. तरी थापलं.

मग अंधार पडल्यावर पलीकडच्या वाडीत गुरवाला आवतण द्यायला निघालो. ऐनाच्या झाडाखालची पायवाट. हातात बॅटरी.

थोडा पुढे गेलो आणि ठक ठक. थांबलो, तर आवाजही थांबला! चाललो, की पुन्हा ठक ठक. आधी मागून. मग डोक्यावरून. मग, अरे देवा, पायाखालच्या मातीतून! पळालो. पळतोय, पळतोय, आणि पुन्हा त्याच ऐनापाशी. तीनदा! म्हटलं, चकवा लागला. सदरा उलटा घातला की चकवा सुटतो म्हणतात. बटणं काढायला लागलो, तेवढ्यात समोर माझं घर! तीच पडवी, तोच खांब. जिवात जीव आला. शिरलो आत.

आत शिरलो कसला, अडकलो! चारी बाजूंनी लाकूड. हात वर होईना, सदरा निघेना. आणि बाहेरून आवाज, खर्र, खर्र. थापी फिरत होती रे! कोणीतरी दार लिंपत होतं. ओल्या सिमेंटचा वास नाकात गेला. श्वास कोंडला. मी ओरडलो, आवाज फुटेना. मग बोटांनी ठोकायला लागलो. ठक ठक. ठक ठक. बाहेरचा थांबला, ऐकलं त्याने. आणि पुन्हा लिंपायला लागला!

मी रडलो. म्हटलं, सोड, आत्ता जाऊन भोक फोडतो, आईशप्पथ फोडतो. किती वेळ गेला कोण जाणे. कोंबडा आरवला, आणि बघतो तर मी ऐनाच्या ढोलीत. समोर उघडं. लिंपण नाही, काही नाही. नखं मात्र सगळी फुटलेली.

पळत घरी आलो. शिडी, छिन्नी, हातोडा. फोडलं. आत तीन पिल्लं. डोळेही उघडले नव्हते. थंड पडली होती.

माझी भागीरथी खाली शिडी धरून उभी. आमचा थोरला तेव्हा तिच्या पोटात होता. तिने माझ्या हातात बघितलं आणि शिडी सोडून आत गेली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी वास्तुशांत झाली. भटजी म्हणाले, या वास्तूत लेकरंबाळं सुखी राहोत. सगळे तथास्तु म्हणाले. छपरावर ती मादी चोचीत अळी धरून बसली होती. मी मान खाली घातली. गावाला सांगितलं, मला चकवा लागला. का लागला ते गिळलं. चाळीस वर्षं गिळलं.

त्या पायवाटेने रात्री कोणी जाऊ नका. मी तर दिवसाही जात नाही. चकव्याची भीती केव्हाच गेली. पण तिथे झाडावर कुठला पक्षी ओरडला, तर वर बघायचं तोंड नाही रे मला.