चिमणीला धूर नाही

या मायबापहो, जरा जवळ सरका. अंबरनाथच्या दवाखान्यातल्या रांगेची गोष्ट सांगतो. भाच्याचं ठरता ठरता मोडलेलं लग्न जोडायची कौसाबाईंना भारी तळमळ, आणि मुलीचे वडील आण्णा नेमके पुढेच उभे!

"आण्णा, आमच्या सुयोगला नाही का म्हणालात?"

"बाई, बेलवलीहून येऊन तीन दिवस त्याच्या कंपनीची चिमणी बघितली. धुराची रेघ नाही! बंद कंपनीत पोरगी देऊ?"

"अहो, बंद कुठली? कोळशाचा बॉयलर काढून विजेचा बसवलाय. परदेशातलं गिऱ्हाईक म्हणालं, धूर थांबवा तर माल घेतो. आता तिसरी पाळी सुरू झालीय, सुयोग पर्मनंट झालाय."

"धुराशिवाय कारखाना? तीस वर्षं बॉयलरला कोळसा घातला मी, असलं कधी ऐकलं नाही."

"आणि आज इथे कशाला आलात?"

"छातीचा फोटो काढायला."

"मग जावयाचाही काढायचाय का?"

आण्णा खोकत खोकतच हसले.

"बरं, रविवारी सुपारी फोडू. पण लग्नाचं जेवण चुलीवरचंच पाहिजे हां."

"करू की! फुंकणी घेऊन तुम्ही बसा."

मायबापहो, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा आमच्या आण्णांच्या छातीसाठीही एक मागणं असू द्या.