चाळिसावा संदर्भ

दातांच्या दवाखान्यात एक तरुण आई मांडीवरच्या बाळाला थोपटत नंबराची वाट बघत होती. शेजारी एक प्राध्यापक सुजलेला गाल धरून बसले होते, आणि त्यांची विद्यार्थिनी लॅपटॉप उघडून त्यांच्या मागे लागली होती.

"सर, आपला संशोधनाचा पेपर आजच पाठवायचाय. पण आपण वापरलेला तो प्रोग्रॅम संदर्भांत नाहीये."

"अगं, शेवटी तो लिहिणाऱ्या बाईंचे आभार मानलेत की!"

"आभार कोण मोजतं, सर? त्यांना नोकरीवर ठेवायचं की नाही, ते किती पेपरांत त्यांचा संदर्भ आहे हे मोजून ठरणार आहे."

"त्यांनी सांगितलं तुला?"

"छे, त्या कशाला सांगतील? त्यांच्या सहकाऱ्याकडून कळलं. एवढा प्रोग्रॅम जगाला फुकट दिला बाईंनी. माझीच चूक मी त्यांच्या माथी मारली, तरी दोन दिवस खपून शोधून दिली."

शेजारची आई बाळाला थोपटायचं थांबून कान देऊन ऐकू लागली.

"पण जागा कुठंय?" प्राध्यापक म्हणाले. "चाळीसच संदर्भ चालतात आणि चाळीस भरलेत."

ती लॅपटॉपवरची संदर्भांची यादी वरखाली करू लागली.

"बोल की! एरवी तोंड मिटत नाही तुझं."

"सर, त्यातले सात तुमचेच आहेत."

तेवढ्यात आतून प्राध्यापकांना हाक आली. ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळले.

"यादीतून माझा पहिला पेपर काढून टाक."

"सर, तो तर तुमचा लाडका!"

"माझी नोकरी कुठे जात नाही. बाईंना घाल तिथे, प्रोग्रॅमच्या आवृत्तीसकट. आणि माझी भूल उतरायच्या आत पाठवून टाक, नाहीतर मी परत मागेन."