पालखीचं मेणकापड

टाळकरी, जरा हात थांबवा. नाम घेऊन झालं, आता मला एक विचारायचंय. खोटं बोलणं पाप, हे कुणीही सांगेल. पण खरं माहीत असून जो गप्प बसला, आणि वर देवाचं नाव पुढं करून मोकळा झाला — त्याला काय म्हणायचं? बोला की! मघाशी गजराला मंडप हलत होता, आता सगळ्यांना आपापली बोटं बघायची आठवण झाली.

बरं, राहू दे. ऐका, मंडळी. बोरमाळ नावाचं गाव. द्राक्षाचं गाव, बेदाण्याचं गाव. फाल्गुन लागला की द्राक्षं उतरवायची, माळावर पत्र्याच्या शेडात जाळ्यांवर पसरायची आणि वाऱ्यावर वाळू द्यायची. शेडाला बाजूनं पडदे असतात, पण वारं लागावं म्हणून ते वर गुंडाळून ठेवायचे. आणि पाऊस आला तर? सोडून आवळून बांधायचे. कारण अर्धवट वाळलेल्या बेदाण्याला पाणी लागलं की तो काळा पडला, आंबला, गेला. वर्षाची मेहनत उकिरड्यावर!

आता फाल्गुनात पाऊस कुठला, असं म्हणणारे दिवस कधीच गेले. म्हणून बोरमाळात एक चांगली रीत पडली होती. गावचं दैवत भैरवनाथ. नाथाचा पुजारी शिदू गुरव. संध्याकाळची आरती झाली की शिदू मोबाइल उघडायचा आणि देवळाच्या भोंग्यावरून येत्या आठवड्याचं हवामान वाचायचा. ऊन किती, वारं कुठलं, ढग कधी. तुम्ही म्हणाल, महाराज, मोबाइल काय एकट्या शिदूकडंच होता? सगळ्यांकडं होता हो! पण माळावर रेंज नाही, आणि शिदूचा आवाज यायचा नाथाच्या देवळातनं. त्या आवाजावर गाव पडदे सोडायचं आणि त्या आवाजावर गाव निवांत झोपायचं.

नाथाची यात्रा आली गुरुवारी. त्या दिवशी पाळणूक — शिवारात कुणी कामाला हात लावायचा नाही. सगळ्यांनी पालखीबरोबर शिवेची प्रदक्षिणा करायची. आणि सोमवारी शिदूनं दुपारीच मोबाइल उघडला, तर त्यात काय? गुरुवारी दुपारनंतर वादळी वारं, पाऊस, काही ठिकाणी गारा.

शिदू तसाच गेला यात्रा कमिटीच्या हिंदुराव आण्णांकडं. आण्णा पान जुळवत बसले होते.

"आण्णा, गुरुवारी गारा दावल्यात."

"मग?"

"भोंग्यावर सांगू न्हवं? लोक बुधवारीच पडदं बांधून घेतील."

आण्णांनी पान तोंडात टाकलं. "शिदू, नाथाच्या भोंग्यावरनं नाथाच्याच दिवसाबद्दल असलं अभद्र बोलणार तू? धसका घेतील माणसं. बुधवारपास्नं सगळी माळाला जातील, यात्रेला फिरकणार न्हाईत. पालखीला खांदा कोण देणार? कुस्तीला लोक कुठनं आणू?"

शिदू उठला. दारापर्यंत गेला नाही तोच मागनं हाक आली.

"आणि हे बघ, पालखीला मापाचं मेणकापड शिवून घे. असावं जवळ."

ऐकलंत का मंडळी? पाऊस येणार म्हणायचं नाही, ते अभद्र! पण पालखीला मेणकापड शिवायचं, ते शुभ! अहो, एकाच तोंडातनं, पान चावता चावता! माझं तर कीर्तनात सांगतानाही पित्त खवळतं. आणि शिदूला हे कळलं नाही असं समजू नका. दारात उभा राहून त्याला लख्ख कळलं. पण पूजेचा मान आण्णांच्या मर्जीवर होता. तो पायात चपला सरकवून निघाला. संध्याकाळी भोंग्यावर म्हणाला, "येत्या आठवड्यात हवामान साधारण राहील. भाविकांनी यात्रेचा लाभ घ्यावा."

साधारण! काय शब्द शोधला बघा! धड खोटाही नाही आणि धड खराही नाही. असे शब्द आपल्याला कसे सुचतात हो वेळेवर?

एवढ्यावर निभावलं असतं. पण मंगळवारी देवळाच्या पायरीशी आली बायाक्का. नवरा वारल्यापासून बाग एकटीनं सांभाळणारी बाई. छाटणी तिची, फवारणी तिची, आणि माळाच्या टोकाला जाळ्यांवर सगळा बेदाणा पसरलेला. तिनं पश्चिमेकडं बघितलं आणि विचारलं, "शिदूदादा, मोबाइलवर काय बी असू दे, मला वारं बरं वाटंना. बुधवारी पडदं सोडून बांधून घिऊ का? एकटीला अख्खा दिस लागंल, म्हणून इचारती."

सरळ प्रश्न! हो किंवा नाही, एवढंच सांगायचं होतं.  शिदूच्या काखेत कागदात गुंडाळलेलं ते मेणकापड होतं, त्याच वेळी शिंप्याकडनं आणलेलं.

"आक्का," तो म्हणाला, "नाथ हाय की."

ती हात जोडून गेली. पुजाऱ्यानं देवाचं नाव घेतल्यावर बाई आणखी काय विचारणार?

गुरुवारी दुपारी पालखी निघाली. ढोल, गुलाल, चांगभलं. शिवेवरनं फिरत पालखी माळाच्या टोकाला आली आणि पश्चिमेकडनं असं वारं सुटलं, की गुलाल उधळणाऱ्याच्याच डोळ्यांत गेला. मागनं थेंब, थेंबामागनं गारा! माणसं डोक्यावर हात घेऊन पळायला लागली. आण्णा ओरडले, "मेणकापड!" शिदूनं घडी उलगडली आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर पालखी झाकली. चारी कोपरे बरोबर. बंद बरोबर. देवाला थेंब लागला नाही.

आणि पालखी उभी होती कुठं? बायाक्काच्या शेडापाशी! पालखीबरोबर आलेली बाई शेडाकडं धावली होती आणि एकटी एका पडद्याची दोरी ओढत होती, ती सुटली की दुसरी धरत होती. आडवा पाऊस जाळ्यांवर सपासप बसत होता. तिनं मदतीसाठी मागं वळून बघितलं, आणि तिला ती झाकलेली पालखी दिसली.

हातातली दोरी तिनं सोडून दिली. पावसातनं चालत आली आणि मेणकापडाच्या कडेला हात लावून शिवण बघितली.

"शिदूदादा, हे कधी शिवलंसा?"

शिदू पालखीचा बंद चाचपत राहिला.

"मी पायरीशी आलेली, तवा काखंत होतं ते हेच का?"

शिदूनं मान हलवली. बाईनं आरडाओरडा केला नाही, शाप दिला नाही. एवढंच म्हणाली, "देवाला सांगितलंसा, मला न्हाई." आणि परत आपल्या दोऱ्यांकडं गेली.

मंडळी, तिनं शिव्या दिल्या असत्या तर शिदू सुटला असता. मान खाली घालून ऐकल्या असत्या आणि घरी जाऊन जेवला असता. पण हे वाक्य त्याला गिळता येईना. त्यानं पालखीचे बंद सोडले आणि मेणकापड ओढून काढलं.

"अरं, देव भिजतोय," आण्णा म्हणाले.

"भिजू द्या," शिदू म्हणाला. "पितळंचा मुखवटा हाय, पुसला की झालं. तिचा बेदाणा पुसून वाळणार न्हाई." मग भोयांकडं वळला. "पालखी टेकूवर लावा आणि दोऱ्या धरा."

नाथाच्या दिवशी शिवारात हात न लावणारं गाव, पण भोई धावले आणि मागनं इतरही. मेणकापड वाऱ्याच्या बाजूला बांधलं, पडदे ओढले. आणि देव उघड्यावर भिजत उभा राहिला. मला विचाराल तर त्या दिवशीच्या प्रदक्षिणेत देवाची पूजा झाली असेल तर तेवढीच झाली.

मग बेदाणा वाचला का? तुम्हाला वाटतं, महाराज आता चमत्कार सांगणार. नाही वाचला! वरच्या जाळ्यांवरचा थोडा हाती लागला, बाकी काळा पडला. गावातल्या किती शेडांत तेच झालं. बुधवारी मोकळ्या हातांनी जे काम झालं असतं, ते गुरुवारी देव भिजवूनही झालं नाही. बायाक्कानं शिदूला माफ केलं का? नाही केलं. का करावं?

आता बोरमाळ सोडा. तुमच्या गावाकडं येतो. तुमच्याही माळावर शेडांत बेदाणा पसरलाय.

मघाशी मी व्यासपीठावर चढताना तुमच्या सप्ताहाच्या एका पुढाऱ्यानं मला नारळ दिला आणि कानाशी लागून म्हणाला, "महाराज, हवामानाचं काही काढू नका. परवा काला आहे, माणसं मळ्यात अडकतील, पंगती ओस पडतील." नाव घेत नाही. तो समोरच बसलाय, आणि आत्ता उपरण्यानं तोंड पुसतोय.

तेव्हा माझा नारळ परत घ्या आणि हवामान ऐका! उद्या दिवसभर ऊन आणि उकाडा. परवा, ऐन काल्याच्या दिवशी, दुपारून ढग, सोसाट्याचं वारं, विजा, आणि या भागात गारांचा अंदाज. त्यानंतर दोन दिवस तुरळक सरी, मग आठवडा सरेपर्यंत कोरडं. अंदाज आहे, चुकू शकतो. चुकला तर या माळकऱ्याला खुशाल हसा. पण मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, असं माझ्याबद्दल कुणाला म्हणता येणार नाही.

आणि तुमच्यातही मोबाइल बघून आलेले पुष्कळ आहेत, मला चेहऱ्यावरनं कळतंय. आपले पडदे बांधून आलात, आणि शेजारच्याला? शेजारी तुमच्या मांडीला मांडी लावून बसलाय. इतका वेळ टाळी वाजवलीत त्याच्याबरोबर, एक वाक्य बोलायला काय झालं होतं?

वीणेकऱ्यानं वीणा सांभाळावी, ती खाली ठेवायची नसते. बाकीच्यांनी उठा. दिवस मावळायला अजून अवकाश आहे. ज्या घरी हात कमी आहेत, त्या घरी आधी चला. मी धोतर खोचलंय, मला फक्त वाट दाखवा.