बेशरमातला करकोचा

तुम्ही म्हणाल, म्हातारा फुकटचा चहा पिऊन फेकून राहिला. पण महेबूबभाईला विचारा. देगलूरकडच्या आमच्या तळ्यावर तो पाखरांचा राखणदार होता. हिवाळ्यात परमुलखातून करकोचे आले की जंगलखात्याच्या साहेबाला वर्दी द्यायचं काम त्याचं. मी काय करायचो, काठच्या बेशरमाच्या झुडपात बसून करकोच्यासारखा ओरडायचो, "कुर्रर्र, कुर्रर्र!" भाई गळ्यातली दुर्बीण सावरत चिखलातून पळत यायचा. पाखरू कुठलं, मीच दात काढून उभा! दर हिवाळ्याला फसायचा बिचारा.

आता त्याचे गुडघे गेले. नांदेडला लेकाकडं तिसऱ्या मजल्यावर बसून असतो. परवा फोनवर म्हणला, "यार, करकोचे आले की सांग. लई याद येते."

काल सकाळी आले. सगळं आभाळ ओरडून राहिलं होतं. मी धापा टाकत बांधावर चढलो, फोन लावला आणि वर धरला.

"भाई, ऐक! आले!"

"चल हट! बेशरमात बसलास ना?"

"तुझ्या गळ्याची आण, बांधावर उभा हाय."

"दरसाल हीच आण घेतो तू."

"अरे, या टायमाला खरेच हायत!"

मी फोन परत आभाळाकडं धरला. जरा वेळानं कानाला लावला. मग भाई हळूच बोलला, "लबाडा, तूच हायस. पण थांबू नको, अजून जरा ओरड."