अर्ध्या भिंतीचा बॅकअप

भावोजी : मग वीजच पडली असणार, वहिनी. आभाळात ढग नव्हता हे मान्य. पण वीज कधीकधी तारेतून सरपटत येते. आपल्या जुन्या गोदामात एकदा अशीच आली होती. पंख्याला वळसा घातला, टेबलावरचा माझा चहा उकळला आणि खिडकीतून निघून गेली. कपाला तडा म्हणून नाही.

वहिनी : या विजेने मशीन पुसण्याआधी त्याचा क्रमांक टाइप केलाय, भावोजी. संगणक विचारतो, खरंच पुसायचं असेल तर क्रमांक लिहून दाखवा. तिने लिहून दाखवला. तोही तुमच्या नावाने आत शिरून.

भावोजी : शिकलेली दिसते.

वहिनी : काल जेवणाच्या सुट्टीत आली होती. तेव्हा या खोलीत तुमच्याशिवाय कोणी नव्हतं.

भावोजी : बरं, आता चौकशी करायची की गेलेलं परत आणायचं? घर पेटल्यावर काडेपेटी कोणाची, हे कोणी विचारतं का?

वहिनी : विझल्यावर विचारतात. बसा तिकडे. मला कमांड लिहायच्यात, आणि पाठीमागे कोणी उसासे टाकले की माझी बोटं चुकतात.

(कोपरापर्यंत हिरवा रंग लागलेला ठेकेदार दारात येतो.)

ठेकेदार : धाकटे मालक, रंग कुठाय? माझी माणसं परांचीवर पाय हलवत बसलीत.

भावोजी : येतोय, येतोय. तांत्रिक काम चाललंय. तुम्ही का आलात एवढ्या लांब?

ठेकेदार : तिथे थांबवेना म्हणून आलो. रुग्णालयाचा लांबलचक कॉरिडॉर, अर्धा हिरवा झालाय, अर्धा पांढरा, आणि डबे संपले. डॉक्टरीणबाई येतात, आधी भिंतीकडे बघतात, मग माझ्याकडे. मघाशी म्हणाल्या, पुढच्या डब्याचा रंग जराही वेगळा निघाला तर सगळं खरवडा आणि दुसऱ्या कंपनीचा लावा. बाकीच्या इमारतीही मग त्यांनाच.

भावोजी : वेगळा कशाला निघेल? तोच हिरवा.

ठेकेदार : तोच तर म्हणतोय. तो हिरवा थोरल्या मालकांच्या हातचा. तुम्ही आज जो नमुना पाठवलात तो लावून बघितला. भिंत कावीळ झाल्यासारखी दिसली. लगेच पुसला. म्हटलं, थोरल्यांनाच विचारावं. पलीकडच्या गल्लीत तर राहतात.

भावोजी : हे बघा, आता आपला कारखाना माणसांवर चालत नाही, पद्धतीवर चालतो. सगळ्या रंगांची सूत्रं मशीनमध्ये आहेत.

वहिनी : होती.

ठेकेदार : होती म्हणजे? मशीन तर हे काय समोर घुरघुरतंय.

वहिनी : ही नुसती इमारत. हिच्या आत चार मशीनं राहतात. हात लावता येत नाहीत, पण काम खऱ्यासारखं करतात. चार बिऱ्हाडं म्हणा ना. एक हिशेबाचं, एक हजेरीचं, एक कँटीनचं आणि एक रंगांच्या सूत्रांचं. त्यातलं चौथं बिऱ्हाड काल कोणीतरी उठवलं. नुसतं सामान नाही, खोलीसुद्धा ठेवली नाही.

ठेकेदार : कोणी?

भावोजी : विजेने.

ठेकेदार : आणि विजेला चौथंच कसं सापडलं?

वहिनी : त्याच्यावर ह्यांचं नाव होतं म्हणून. ते मशीन ह्यांनी बसवलं, तर मालक म्हणून ह्यांचं नाव लागलं. हे कारखाना सोडून गेल्यापासून इथे साफसफाई चाललीय. आधी नावाची पाटी गेली. मग खुर्ची कँटीनमध्ये गेली. डगला अडकवायची खुंटी उपटली, तिथे अजून भोक आहे. बाहेरचं सगळं संपल्यावर साफसफाई संगणकात शिरली.

ठेकेदार : थोरले गेले त्या दिवशी मी इथेच होतो, डबे उचलायला. सगळ्या कामगारांसमोर तुम्ही म्हणालात, दादा, तुझं सगळं डोकं आता मशीनमध्ये आलंय, तू नसलास तरी चालेल. मला वाटलं, थोरले आता डबा फेकून मारणार. त्यांनी डबा खाली ठेवला, झाकण नीट बसवलं आणि गेले.

भावोजी : संदर्भ वेगळा होता.

ठेकेदार : असेल. मला तेवढंच ऐकू आलं.

भावोजी : वहिनी, तुमचा तो बॅकअप कुठवर आला? रोजचा बॅकअप होतो ना? पलीकडच्या गोदामात डिस्क मीच आणून बसवली. विक्रेता म्हणाला होता, साहेब, एवढी मोठी डिस्क घेणारे तुम्ही पहिलेच. त्याने दुकान बंद करून माझ्याबरोबर फोटो काढला.

वहिनी : तीच बघतेय. रोज रात्री प्रत्येक मशीनची आख्खी नक्कल तिथे जाऊन पडते. ही बघा यादी. कालची नक्कल, आकार शून्य. परवाची, शून्य. त्याच्या आधीची, शून्य.

भावोजी : शून्य म्हणजे हलकी? आटोपशीर?

वहिनी : रिकामी. डिस्क भरली, नक्कल मावली नाही.

भावोजी : एवढी मोठी डिस्क भरली कशाने?

वहिनी : तुमच्या व्हिडिओंनी. "एका उद्योजकाची वाटचाल". एकच वाटचाल, सात कोनांतून.

ठेकेदार : मी बघितलाय एक. त्यात तुम्ही टेकडीवर का चढता?

भावोजी : ते प्रतीकात्मक आहे. वहिनी, म्हणजे सगळं गेलं?

वहिनी : थांबा. टेकडी चढायच्या आधीची एक नक्कल दिसतेय. ही भरलेली आहे. अंगापिंडाने मजबूत.

भावोजी : मग मला एवढं घाबरवलंत कशाला? आणा परत. बटण कुठलं?

वहिनी : बटण नाही. कमांड लिहायची. आधी परत आणा असं सांगायचं, मग कुठली नक्कल ते, मग कुठल्या क्रमांकाच्या खोलीत ठेवायची ते.

भावोजी : लिहिलीत की. मग दाबा एंटर. मी दाबू का?

वहिनी : हात मागे. हा शेवटचा क्रमांक कँटीनचा आहे.

भावोजी : कँटीनचा कशाला?

वहिनी : सवयीने आला. नक्कल परत येते की नाही याची तालीम मी दर महिन्याला करते. पण तुमचा हुकूम होता, रंगांच्या मशीनला हात लावायचा नाही, काय प्रयोग करायचे ते कँटीनवर करा. त्यामुळे कँटीन दर महिन्याला मरतं आणि पुन्हा उठून बसतं. एवढ्या वेळा पुनर्जन्म घेतलेलं मशीन दुसरं नसेल. हा एंटर दाबला असता तर कँटीनच्या डोक्यावर रंगांचं बिऱ्हाड बसलं असतं, आणि दुपारी थाळीऐवजी लोकांना पिवळा ऑक्साइड मिळाला असता.

ठेकेदार : चवीत फार फरक पडला नसता.

वहिनी : हं. आता बरोबर. क्रमांक पुन्हा एकदा वाचते. तुम्हीही वाचा, भावोजी. विजेला पाठ आहेच.

भावोजी : बरोबर आहे.

वहिनी : दाबलं.

ठेकेदार : काहीच होत नाहीये.

वहिनी : होतंय. ते खाली टक्के मोजतंय बघा. भरलेलं ओझं आहे, गोदामातून इथवर यायला वेळ लागणार.

भावोजी : येईल, येईल. या हिरव्याची गंमत सांगतो तुम्हाला तोवर. एका बंगल्याला आपण हा रंग लावला होता. दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन. म्हणे, पोपट येऊन भिंतीवर आपटताहेत. झाड समजून. पार थवेच्या थवे. शेवटी बिचाऱ्याने भिंतीत दोन फांद्या ठोकल्या, तेव्हा कुठे पोपटांना बसता आलं.

ठेकेदार : अंडी?

भावोजी : ती मी पाहिली नाहीत. खोटं कशाला सांगू?

वहिनी : तो रंग केला कोणी होता?

भावोजी : कंपनीने.

वहिनी : कंपनीच्या कुठल्या हाताने?

भावोजी : टक्के बघा, वहिनी. टक्के पुढे सरकताहेत का?

वहिनी : सरकताहेत.

ठेकेदार : मालक, एक विचारतो, रागावू नका. हे टक्के पूर्ण व्हायच्या आत मी चालत पलीकडच्या गल्लीत जाऊन थोरल्यांना विचारून परत येईन. नाव तुमचं घेणार नाही.

भावोजी : नाही. आज विचारलं की उद्या परत विचारावं लागेल. मग परवा तो खुर्ची मागेल.

ठेकेदार : खुर्चीवर कँटीनचा आचारी बसतो आता. त्याला उठवणं अवघड आहे.

भावोजी : मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, मशीनमध्ये आहे. आता ते मशीनमधूनच आलं पाहिजे. रंग भिंतीला लागो न लागो, मला त्या दारात उभं राहायचं नाही.

वहिनी : आलं.

भावोजी : काय?

वहिनी : मशीन परत आलं. सुरू करते. हं, उठलं. नाव विचारतंय. ह्यांच्याच नावाने आत जावं लागेल, चालेल ना?

भावोजी : जा हो. आज कोणाच्याही नावाने जा. बघितलंत, ठेकेदार? याला पद्धत म्हणतात. माणूस रुसतो, आजारी पडतो, गल्ली बदलतो. पद्धत जागच्या जागी राहते.

वहिनी : रंगांची यादी उघडली. गेरू, सगळे आकडे आहेत. आकाशी, आहेत. पिस्ता, आहेत. राखाडीच्या तिन्ही छटा आहेत.

ठेकेदार : हिरवा?

वहिनी : आहे. रुग्णालयाचा हिरवा. छटेचं नाव, डब्याचा आकार, वाळायचा वेळ, सगळं आहे.

भावोजी : बघा.

वहिनी : आणि प्रमाणाच्या जागी लिहिलंय, "हा दादा बघून सांगेल."

ठेकेदार : काय लिहिलंय?

वहिनी : "हा दादा बघून सांगेल." नोंद करणाऱ्याचं नाव, आपले भावोजी.

भावोजी : असं कसं? काहीतरी बिघडलं. नक्कल येताना मोडतोड झाली असेल. तुम्ही दुसरी कमांड देऊन बघा.

वहिनी : मोडतोड झाली असती तर अक्षरं फुटली असती. हे अगदी स्वच्छ आलंय. शेवटचा पूर्णविरामसुद्धा. बॅकअप सासूबाईंसारखा असतो, भावोजी. तुम्ही जे बोललात ते अक्षर न बदलता परत ऐकवतो.

भावोजी : याच्याही आधीची नक्कल असेल ना? एखादी अगदी जुनी?

वहिनी : हे मशीन बसवलं त्या आठवड्यातली नोंद आहे ही. हिच्या आधी काही नाही.

भावोजी : मला आठवतंय आता. त्याला म्हटलं होतं, आकडे दे. बाकीच्यांचे दिलेस तसे याचेही दे. तो म्हणाला, या हिरव्याची पावडर ज्या पोत्यातून येते, ते प्रत्येक पोतं वेगळं निघतं. आकडा आजचा आणि पोतं उद्याचं, मग रंग कोणाचा? मला वाटलं, मुद्दाम अडवतोय. म्हणून लिहिलं. तात्पुरतं.

ठेकेदार : तात्पुरतं लिहिलेलं फार टिकतं. माझ्या दुकानावर "लवकरच स्थलांतर" ही पाटी माझ्या वडिलांनी लावलीय.

भावोजी : वहिनी, तुम्ही घरी जाणारच आहात. जेवताना सहज विषय काढा. म्हणा, पोतं असं असं आलंय, किती घालू. आकडा मला कळवा. तुमच्या शहाणपणाचं नाव होईल.

वहिनी : कारखान्याचं काम घरी न्यायचं नाही, हा नियम तुम्हीच लावलात. हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. दारावर चिकटवलाय, तो अजून काढलेला नाही.

भावोजी : मग फोन करतो.

वहिनी : करा.

भावोजी : नंबर... नंबर माझ्या फोनमध्ये होता.

ठेकेदार : पुसलात?

भावोजी : साफसफाई चालली होती ना.

ठेकेदार : त्याचा बॅकअप?

भावोजी : तुम्ही जरा बाहेर थांबता का?

ठेकेदार : थांबतो. पण डॉक्टरीणबाई सहा वाजता पुन्हा येणार, आणि मला भिंतीसमोर एकट्याने उभं राहायचं नाही. तेवढं लक्षात ठेवा.

भावोजी : गेले का ते?

वहिनी : गेले.

भावोजी : तो घरी काय करतो हो दिवसभर?

वहिनी : गॅलरीचं रेलिंग रंगवतात. वाळलं की खरवडतात, पुन्हा रंगवतात. शेजारी विचारतात, एवढं काय करता त्या रेलिंगला? म्हणतात, अजून जमला नाही.

भावोजी : माझ्याबद्दल काही बोलतो?

वहिनी : तुमचा टेकडीवरचा व्हिडिओ बघितला त्यांनी.

भावोजी : काय म्हणाला?

वहिनी : म्हणाले, घसरेल हा. चपला बघ कसल्या घातल्यात.

भावोजी : ते मशीन आता त्याच्याच नावावर राहू दे. नाव बदलायची काही कमांड असेलच, पण देऊ नका.

वहिनी : देणारच नव्हते.

भावोजी : पण दारात उभा राहून पहिलं काय म्हणू? मला वाक्यच सुचत नाही. एरवी तोंड बंद नसतं माझं.

वहिनी : काही म्हणू नका. नवीन पोत्यातली पावडर कालवून उघडा डबा हातात घेऊन जा. ते आधी रंगाकडे बघतील. तेवढ्यात तुमच्या चपला काढून होतील.